एकाच घरात चार हवामानं: गरम-गार कोपरे आधी कसे ओळखायचे आणि कुंड्या मग कशा हलवायच्या

दर मेमध्ये आणि दर जानेवारीत ओळखीच्यांचे तेच प्रश्न येतात. तुळस करपली, मोगऱ्याच्या कळ्या न उमलताच वाळून पडतात, कढीपत्त्याचे शेंडे एका रात्रीत काळे पडले, आता कोणतं खत घालू? बहुतेक वेळा खताचा काही संबंधच नसतो, कुंडी चुकीच्या कोपऱ्यात असते. मोबाइलवर इंदूरचं तापमान म्हणून जो आकडा दिसतो तो तुमच्या गच्चीचा नसतो, परसाचा तर नसतोच, आणि गच्चीवरसुद्धा टाकीमागची हवा वेगळी, कठड्याच्या आडोशाची वेगळी, एसीच्या बाहेरच्या युनिटसमोरची तर फारच वेगळी.

हे कोपरे ओळखणं अवघड नाही, पण लोक उलट्या क्रमाने करतात. आधी हिरवी जाळी विकत आणतात, मग कुंड्या इकडच्या तिकडे, आणि सगळं जळून गेल्यावर थर्मामीटर. खाली सरळ क्रम देतेय. सूर्याचे आकडे इंदूरचे आहेत (अक्षांश साधारण २२.७), ग्वाल्हेर-बडोद्याच्या मंडळींनी पद्धत तीच ठेवावी, आकडे आपले काढावेत.

तयारी: काय काय लागेल

घराचा, गच्चीचा आणि अंगणाचा हाताने काढलेला नकाशा, मापात नसला तरी चालेल पण भिंती, टाकी, जिना, छज्जे, शेजारच्याची उंच भिंत, झाडं आणि एसीचं बाहेरचं युनिट दाखवा. त्याच्या तीन-चार झेरॉक्स काढून ठेवा कारण प्रत्येक गोष्ट वेगळ्या कागदावर लिहायची आहे. तीन किंवा चार साधे डिजिटल थर्मामीटर, शक्यतो कमाल-किमान लक्षात ठेवणारे आणि एकाच कंपनीचे. खडू, उदबत्त्या, सारख्या मापाचे तीन-चार सुती रुमाल, स्वयंपाकघरातला वजनकाटा, सरळ कडांचे सारखे डबे, पट्टी, आणि एक वही.

दिशा आधी नक्की करा. फोनचं होकायंत्र लोखंडी रेलिंगजवळ, टाकीच्या स्टँडजवळ किंवा स्लॅबच्या सळ्यांजवळ चुकतं, म्हणून मोकळ्या जागी दोन-तीनदा बघा. दारासमोर सूर्य उगवतो म्हणजे दार पूर्वेला, असं धरू नका. इंदूरला २१ जूनच्या आसपास सूर्य ठीक पूर्वेपासून जवळजवळ २५ अंश उत्तरेकडे उगवतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे "आमचं घर पूर्वमुखी" हे वाक्य वर्षातून दोन वेगळ्या गोष्टी सांगतं.

१. थर्मामीटर एकमेकांशी जुळवून घ्या

ही पायरी सगळेच गाळतात आणि मग पुढचं सगळं वाया जातं. स्वस्त थर्मामीटर एकमेकांपेक्षा अर्धा-एक अंश वेगळे दाखवतात. कोपऱ्याकोपऱ्यातला फरकही कधी दीड-दोन अंशांचाच असतो, मग तुम्ही मोजताय काय, हवा की यंत्राची चूक?

सगळे एका ताटात शेजारी-शेजारी ठेवून घरात, पंखा बंद करून, रात्रभर राहू द्या. सकाळी चारही वाचा. मग दुपारी गरम खोलीत परत एकदा. जो अर्धा अंश जास्त दाखवतो त्याच्या पाठीवर पट्टी चिकटवून "०.५ वजा" लिहा आणि नंतर प्रत्येक नोंदीत ते वजा करा.

तपासा: सकाळचा आणि दुपारचा फरक सारखाच आला का? एखादा थर्मामीटर सकाळी जास्त आणि दुपारी कमी दाखवत असेल तर तो बाजूला ठेवा, दुरुस्तीच्या नादी लागू नका.

२. थर्मामीटरला सावलीचं घर द्या

उन्हात ठेवलेला थर्मामीटर हवेचं तापमान दाखवत नाही, स्वतः किती तापला ते दाखवतो. "आमच्या गच्चीवर ५२ होतं" असं सांगणाऱ्यांचं बहुतेक इथेच चुकलेलं असतं. वेधशाळेत म्हणूनच पांढऱ्या, फटी असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर थर्मामीटर असतो.

घरी असं करा. पांढऱ्या प्लास्टिकच्या पाच-सहा प्लेटी उपड्या, एकावर एक, मध्ये दोन बोटं जागा सोडून लांब स्क्रूवर किंवा जाड तारेवर ओवा, मधल्या प्लेटी आतून गोल कापा आणि त्या पोकळीत थर्मामीटर टांगा. वरून ऊन अडतं, बाजूने हवा खेळते. बंद डबा, काचेची बरणी किंवा बुटाचं खोकं वापरू नका, आतली हवा कोंडून तापते. आणि भिंतीला टेकवू नका, निदान एक हात लांब ठेवा.

३. ऊन-सावलीचा नकाशा

वारा बघायच्या आधी, तापमान बघायच्याही आधी सूर्य. कारण बाकीच्या फरकांपैकी अर्धे यातूनच समजतात.

एका स्वच्छ दिवशी सकाळी ९, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी ४ वाजता खडूने फरशीवर सावलीची कड आखा, शेजारी वेळ लिहा, मग नकाशाच्या पहिल्या प्रतीवर उतरवा. साडेबारा का, बारा का नाही? कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावरचं आहे आणि इंदूर त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य माथ्यावर यायला इथे साधारण २५ मिनिटं उशीर होतो. बाराला आखलेली सावली अजून थोडी पश्चिमेकडे झुकलेली असते.

इथे दोन गोष्टी लोक हमखास उलट धरतात.

पहिली, "उत्तरेची भिंत म्हणजे बारा महिने सावली". डिसेंबरात खरं आहे. तेव्हा दुपारचा सूर्य क्षितिजापासून फक्त ४४ अंशांवर असतो आणि भरदुपारीसुद्धा भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ भिंतीच्या उंचीएवढी पडते, दहा फुटांची भिंत तर दहा फूट सावली, तिथे तुळस ठेवली तर ती दिवसभर उन्हाचं तोंड बघत नाही. पण मेच्या मध्यात सूर्य सकाळी दहापर्यंत आणि दुपारी पावणेतीननंतर उत्तरेच्या अंगाला असतो, म्हणजे ज्या वेळचं ऊन सगळ्यात जास्त भाजतं ते तिसऱ्या प्रहराचं तिरकं ऊन त्याच उत्तरेच्या भिंतीवर येतं. मोगरा उत्तरेला हलवून निश्चिंत झालेल्यांच्या कळ्या तिथेच वाळतात.

दुसरी, "दक्षिणेकडे फार ऊन". मेमध्ये दुपारी सूर्य इतका डोक्यावर असतो की हातभर छज्जा असला तरी त्याखालच्या दक्षिणेच्या भिंतीवर जवळजवळ ऊन पोचतच नाही. तीच भिंत डिसेंबरात दिवसभर न्हाऊन निघते. म्हणजे छज्जा असलेली दक्षिण बाजू उन्हाळ्यात सावलीची आणि थंडीत उन्हाची, कुंड्यांसाठी घरातली सगळ्यात चांगली जागा, आणि तिथे आपण स्कूटर आणि भंगार ठेवतो.

पश्चिमेबद्दल काही समजवायला नको. दुपारी साडेबारापासून सूर्य मावळेपर्यंत.

थांबा: एकदा आखून झालं म्हणजे वर्षाचं झालं असं नाही. जानेवारी, मे आणि ऑगस्ट अशा तीन प्रती लागतात. आत्ता जो महिना आहे त्याची करा, बाकीच्या तारखा वहीत टाकून ठेवा.

४. हवा कुठून येते, कुठे अडते, कुठे साचते

उदबत्ती घ्या. पेटवा, गुडघ्याच्या उंचीवर धरा, दहा आकडे मोजा, धूर कुठे जातो ते बाणाने दुसऱ्या प्रतीवर काढा. मग छातीच्या उंचीवर तेच. हे दोनदा करायचं आहे, एकदा दुपारी ३ च्या सुमाराला आणि एकदा पहाटे, उजाडायच्या आधी, हवा अगदी स्तब्ध असताना.

दुपारचा बाण सांगतो झळ कुठून येते. माळव्यात उन्हाळ्यातलं वारं जास्त करून पश्चिम-वायव्येकडून येतं, पण तुमच्या गच्चीवर ते शेजारच्या तीन मजली इमारतीला वळसा घालून भलतीकडूनच येऊ शकतं. भरीव कठड्याच्या लगेच मागे धूर कधीकधी गोल फिरताना किंवा उलटा कठड्याकडे जाताना दिसेल. तो भोवरा आहे, तिथे नाजूक रोप ठेवलं तर पानं सतत हलून फाटतात.

पहाटेचा बाण जास्त महत्त्वाचा आणि तोच कुणी बघत नाही. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला लागलेली हवा गार होते, गार हवा जड असते म्हणून ती उताराने पाण्यासारखी सरकते आणि जिथे अडेल तिथे साचते. आमच्या परसात हे पहिल्यांदा बघितलं ते मला अजून आठवतं. जानेवारीतली पहाट, मागच्या दाराच्या तीन पायऱ्या, सगळ्यात वरच्या पायरीवर उदबत्ती धरली तर धूर आधी थोडा वर गेला आणि मग वाकून पायरी-पायरी करत खाली उतरला, फरशीवरून सरपटत कंपाउंडच्या भिंतीपाशी गेला आणि तिथे पत्र्याच्या बंद फाटकाच्या कोपऱ्यात थांबला. बरोब्बर तिथेच माझ्या कढीपत्त्याची कुंडी होती. दोन वर्षं त्याचे शेंडे काळे पडत होते आणि मी दोन वर्षं त्याला ताक घालत होते.

फाटकाच्या खालचा वीतभर पत्रा कापून जाळी बसवली आणि कुंडी दोन फुटी स्टुलावर ठेवली. त्यानंतर शेंडे शाबूत आहेत.

तपासा: पहाटेची उदबत्ती ढगाळ रात्रीनंतर केली असेल तर परत करा. ढग असले की जमीन फारशी गार होत नाही आणि हा खेळ दिसतच नाही.

हेच कॉलनीच्या मापाने पण होतं. सिरपूर किंवा बिलावलीसारख्या तलावाच्या काठाला, खोलगट भागात राहत असाल तर दमट हवा आणि साचलेला गारवा एकत्र येऊन धुकं आधी तुमच्याकडे येणार आणि तिथे पहाटेची नोंद आणखी काळजीने घ्यायची. राजवाड्यामागच्या अरुंद गल्ल्यांमध्ये उलटं, भिंती जवळजवळ असल्याने दिवसा ऊन कमी पण रात्री भिंतींची उष्णता मोकळ्या आकाशाकडे जायला वाट नाही, म्हणून तिथे मेमध्ये रात्र लवकर निवत नाही.

५. आता तापमान, एकाच वेळी सगळीकडे

नकाशावर ज्या जागा वेगळ्या वाटतायत त्यातल्या तीन-चार निवडा: सगळ्यात उन्हाची, सगळ्यात आडोशाची, सगळ्यात खोल, आणि एक मोकळी जागा तुलनेसाठी. प्रत्येक ठिकाणी एक थर्मामीटर, सावलीच्या घरासह, आणि सगळे एकाच उंचीवर. नंतर हवं तर झाडाच्या उंचीवर वेगळं मोजा पण ते वेगळ्या रकान्यात लिहा, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा आणि छातीच्या उंचीवरची हवा यात चांगलाच फरक असतो.

वेळा तीन: सूर्योदयाच्या सुमाराला (सगळ्यात कमी तापमान तेव्हाच असतं, मध्यरात्री नाही), दुपारी अडीच ते साडेतीनमध्ये, आणि रात्री १०. निदान तीन निरभ्र दिवस आणि एक ढगाळ किंवा वाऱ्याचा दिवस. वाऱ्याच्या दिवशी सगळे आकडे जवळ येतील. तसं झालं तर तुमचं मोजमाप बरोबर चाललंय, कारण वारा सगळी हवा ढवळून एक करतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: एकच थर्मामीटर घेऊन ९ ला गच्चीवर, सव्वानऊला परसात, साडेनऊला गॅलरीत फिरणं. त्या अर्ध्या तासात हवाच तापलेली असते. एकच थर्मामीटर असेल तर मोकळ्या जागेपासून सुरू करून शेवटी परत मोकळ्या जागेवर या, दोन आकड्यात अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर ती फेरी सोडून द्या.

रात्री १० ला आकड्याबरोबर हातही लावून बघा, पश्चिमेच्या भिंतीला, फरशीला, पाण्याच्या टाकीला. पश्चिमेची विटांची भिंत दुपारभर ऊन पिते आणि रात्री उशिरापर्यंत सोडत राहते. जानेवारीत तिच्या अंगाला ठेवलेली पपई किंवा टोमॅटो तगतात, मेमध्ये त्याच जागी मुळं शिजतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत तर लवकरच.

इशारा: बंदुकीसारखा जो थर्मामीटर मिळतो तो पृष्ठभागाचं तापमान देतो, हवेचं नाही. भिंत-फरशीसाठी उपयोगी आहे, पण चकचकीत स्टील किंवा नव्या पत्र्यावर त्याचा आकडा खोटा येतो.

आणखी एक, पाल्याच्या, म्हणजे कडाक्याच्या थंडीत पानांवर दव गोठतं त्याच्या बाबतीत. थंडीची लाट आली की थर्मामीटर ३-४ अंश दाखवत असतानाही पानावर दव गोठू शकतं, कारण उघड्या आकाशाखालचं पान स्वतः हवेपेक्षा गार होतं. म्हणून "शून्य कुठे झालं होतं" असं म्हणून झाकायचं टाळू नका.

६. ओलावा आणि पाऊस

थर्मामीटरवर आर्द्रतेचा टक्का असतो, त्यावर कोपऱ्यांची तुलना करू नका. हवेत पाणी तेवढंच असलं तरी गरम कोपऱ्यात टक्का आपोआप कमी दिसतो. त्यापेक्षा रुमाल. चारही रुमाल एकत्र भिजवा, सारखे पिळा, वजन लिहून ठेवा, एकाच वेळी चार जागी सावलीत वाळत घाला आणि तासाने परत वजन करा. ज्याचं वजन सगळ्यात जास्त उतरलं तो कोपरा कुंडीतलं पाणी सगळ्यात लवकर ओढणार. तुळस, मिरची, पुदिना तिथे नको. माठ मात्र तिथेच, सावलीत आणि वाऱ्यावर, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो तिथे खरा गार होतो. आणि कुरडया-पापडाच्या वाळवणाला पण असाच वाऱ्याचा कोपरा बघा, फक्त उन्हातला.

पावसाळ्यात सरळ कडांचे डबे ठेवा आणि एका चांगल्या पावसानंतर पट्टीने मोजा. १ मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. नैऋत्येकडून तिरका पाऊस आला की भिंतीच्या ईशान्येला आणि छज्जाखाली डबा जवळजवळ कोरडा निघतो. ऑगस्टमध्ये सगळीकडे चिखल असताना तिथली कुंडी तहानेने मरते, कारण "पाऊस चालू आहे" म्हणून कुणी पाणीच घालत नाही.

७. नकाशे एकावर एक, मग हलवाहलव

आता चारही कागद समोर ठेवा आणि प्रत्येक कोपऱ्याला साधं नाव द्या: "मेमध्ये भट्टी, जानेवारीत उबदार", "पहाटे गार साचते", "वारं जास्त", "पाऊस पोचत नाही". नावात महिना हवाच.

मग एका वेळी एकच गोष्ट बदला. कुंडी हलवली, जाळी बांधली आणि खतही त्याच दिवशी घातलं तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. दोन आठवडे थांबा, मग पुढचं. दाट सावलीतलं रोप एकदम उन्हात नेऊ नका, आठ-दहा दिवस रोज थोडं थोडं.

८. हलवता येत नसेल तर कोपराच बदला

जमिनीत लावलेली झाडं हलत नाहीत, तिथे हवा बदलावी लागते.

भट्टीच्या कोपऱ्यात जाळी झाडावर टाकायची नाही, निदान दीड हात वर ताणायची आणि पश्चिमेकडून उभी सोडायची. फक्त वरून बांधली तर चारचं ऊन खालून घुसतं. मागची भिंत गडद रंगाची असेल तर चुना मारा. एसीच्या युनिटची गरम फुंकर जिथे जाते तिथे हात धरून बघा आणि तेवढी जागा रिकामी ठेवा, तिथे कोणतंच झाड जगवायचा प्रयत्न करू नका.

वाऱ्याच्या बाजूला भरीव पत्रा लावू नका. वारं त्याच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे जोरात आदळतं. अर्ध्या फटी असलेला आडोसा, बांबूची चटई, करवंदाचं किंवा मेंदीचं कुंपण, वाऱ्याला गाळून हळू करतो आणि त्याचा फायदा उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत कमी-जास्त जाणवतो.

गार साचणाऱ्या कोपऱ्यात आधी हवेला बाहेर जायला वाट करा, मग कुंडी उंचावर. पाल्याचा अंदाज असेल त्या दिवशी दुपारी माती ओली करून ठेवा, ओली माती रात्री जास्त उष्णता सोडते. संध्याकाळी, माती पूर्ण निवायच्या आत, जुनी साडी किंवा पोतं झाडावर तंबूसारखं जमिनीपर्यंत सोडा. खोडाला घट्ट गुंडाळून उपयोग नाही, जमिनीची ऊब आत अडकायला हवी. प्लास्टिक असेल तर ते पानांना लागू देऊ नका, जिथे टेकतं तिथेच पान जळतं. सकाळी ऊन आल्यावर काढा, विसरलात तर दुपारी आत वाफ होते.

तपासा: बदल केल्यावर त्याच कोपऱ्यात, त्याच उंचीवर, तीन निरभ्र दिवस परत मोजा आणि मोकळ्या जागेशी तुलना करा. नुसता आधीचा आणि नंतरचा आकडा बघू नका, मधल्या काळात ऋतूच बदललेला असतो. मोकळ्या जागेपेक्षा फरक किती होता आणि आता किती आहे, तेवढंच लिहा.

शेजारी मजला चढला, समोरचं झाड तोडलं, कुणी नवा एसी लावला, रस्ता सिमेंटचा झाला, की पायरी ३ पासून पुन्हा. थर्मामीटर मात्र दर वर्षी एकदा ताटात ठेवून जुळवायचेच, सेल बदलल्यावर सुद्धा.